शेवंतीच्या दिव्याखालचा समुद्र

ईशान आणि सई,

हे दोघांसाठी आहे, पण आधी ईशानने वाचावं आणि मग सईने. उलट झालं तर सई त्याला फोनवर थोडक्यात सांगून टाकेल, आणि मला हे थोडक्यात जायला नको आहे.

मागच्या आठवड्यात मी आपल्या पोवळ्यांच्या टाकीचा फोटो पाठवला. छत्री चांगली उघडली होती, आपला सरपंच मासा तिच्या सावलीत उभा होता, म्हणून हौसेने पाठवला. ईशानने तो त्याच्या रॉटरडॅमच्या मत्स्यालयवाल्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला. तिथे लोक हसले. हा तर रोपांचा दिवा, असल्या दिव्याखाली लोक गांजा पिकवतात, ही बाई काय पिकवते आहे, असं एकाने विचारलं. सईने टोरांटोहून तो सगळा मजकूर मला पुढे पाठवला, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून.

परक्यांचं मला काही वाटलं नाही. ज्यांनी मला पाहिलं नाही, त्यांनी मला काय म्हणावं हा त्यांचा प्रश्न. पण त्यांना उत्तर म्हणून ईशानने लिहिलं होतं की ती माझी आजी आहे, गावाकडे असते, तिला यातलं कळत नाही. इंग्रजीत लिहिलं होतंस, बाळा. ज्या भाषेत मी बी.एस्सी. केलं, ज्या भाषेतला तुझा पहिला निबंध मी लाल शाईने दुरुस्त करून दिला, ती भाषा मला अजून वाचता येते. हे तुझ्या लक्षात राहिलं नाही.

मला राग आला. लगेच लिहिलं असतं तर वेडंवाकडं लिहिलं गेलं असतं, म्हणून आठ दिवस थांबले. आठ दिवसांनीही तो तेवढाच आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आणि आजच लिहायचं दुसरं कारण मागच्या खिडकीतून दिसतं आहे. काल संध्याकाळी दत्ताच्या वावरात दिवे लागले. तुम्हाला दत्ता आठवतो ना, आपल्या बांधाला लागून ज्याची शेवंती असते, जो माझा शाळेतला विद्यार्थी आणि अजून मला बाई म्हणतो? हंगामाच्या पहिल्या दिवशी तो दिवे अंधार पडायच्या आतच लावून बघतो, कुठला बल्ब गेलाय ते कळावं म्हणून. तारांवर ओळीने पिवळे बल्ब, खाली गुडघाभर हिरवी रोपं, आणि ओतूरच्या रस्त्यावरून जाणारा नवखा माणूस हमखास थांबून विचारतो की इथे लग्न आहे का. लग्न नसतं. लग्नसराईची तयारी असते. शेवंतीला मोठी रात्र मिळाली की ती कळी धरते. ती रात्र मध्येच उजेड दाखवून तोडली की तिला वाटतं अजून दिवस मोठाच आहे, आणि ती नुसती वाढत राहते. दिवे फुलवण्यासाठी नसतात, थांबवण्यासाठी असतात. पाहिजे त्या तारखेला फूल बाजारात आणायचं तर आधी त्याची रात्र हिरावून घ्यावी लागते. आमच्याकडे शेवंती लावणाऱ्या पोराटोराला हे माहीत असतं.

एवढं नीट ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वीचा हाच हंगाम. पहाटे पत्र्यावरून दव टपटपायचं, कांद्याच्या रोपांचा तिखट वास सकाळभर नाकात राहायचा. आणि मागच्या पडवीत पाऊल टाकलं की एकदम दुसरा वास, ओला, खारट, किंचित कुजकट. समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या या अंगाला, त्या एका खोलीत समुद्राचा वास यायचा. टाळेबंदीत तुम्ही दोघं इथे अडकलात तेव्हाची ती टाकी. दीड वर्ष तुम्ही तिच्याभोवती वाढलात. अंगणात बादल्या मांडून, फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवून, ईशान समुद्र तयार करायचा आणि सई लाकडी उलथन्याने ढवळायची. माझं ते उलथनं कायमचं गेलं. समुद्रातून खुडून आणलेलं काही घ्यायचं नाही, हाडाची पोवळी ठेवायची नाहीत, हे नियम ईशानने स्वतःच घालून घेतले होते आणि पाळले होते, हे मी अभिमानाने सांगत असे. दुसऱ्या हौशी माणसांनी आपल्या टाकीत वाढवलेले मऊ पोवळ्यांचे तुकडे तेवढे तुम्ही मागवलेत. नावं सईने ठेवली. खडकाला चिकटून गोल गोल उघडतात ती बटणं. पसरट, सुरकुतलेली ती छत्री. हाताच्या मुठी उघडाव्यात आणि मिटाव्यात तशी जी दिवसभर हलत राहायची, त्या मुठी. आणि तो एकुलता एक नारिंगी मासा आपल्या कोपऱ्यात कुणाला फिरकू देत नाही, म्हणून सरपंच.

मग एक जण गेला, वर्षाने दुसरी गेली. जाताना सईने मुठींकडे बोट दाखवून विचारलं होतं की आजी, यांना काही होणार नाही ना. मी म्हटलं, मी आहे तोवर नाही होणार. मी शब्द सहसा देत नाही, कारण मग तो पाळावा लागतो.

मी वही घातली. सकाळी पाण्याचा खारटपणा, तापमान, उजेड किती तास, कोण उघडलं, कोण मिटलं. रविवारी तुमचे फोन यायचे. खरं सांगते, तुम्ही आधी टाकी दाखव म्हणायचात आणि मग तू कशी आहेस ते विचारायचात. मला त्याचं वाईट वाटलं नाही. टाकी दाखवताना माझा हात दिसायचा, आवाज ऐकू जायचा, तेवढं पुरत होतं.

मात्र तुमच्या बाबाला टाकी डोळ्यांत खुपत होती. श्रीधरचं म्हणणं तेव्हाही एकच होतं आणि आजही तेच आहे, की आईने एकटीने इथे राहू नये, पुण्यात फ्लॅटवर यावं. माझ्याकडे त्यावर एक बिनतोड उत्तर होतं. टाकी कोण बघणार? पाण्याने भरलेली टाकी उचलून नेता येत नाही आणि रोजच्या रोज बघितल्याशिवाय जगत नाही. म्हणून ती जिवंत होती तोवर मी माझ्या घरात होते. हे श्रीधरला कळत होतं आणि मला कळत होतं, आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

त्या मार्गशीर्षात एका गुरुवारी दुपारी वीज गेली आणि परत आली ती जोरात आली. ईशानचा तो भारी निळा दिवा फट्‌ करून विझला. पडवीत जळक्या तारेचा वास. पुण्यात ज्या दुकानातून तो घेतला होता त्याच्या मालकाला मी फोन केला. दुसरा यायला दोन महिने लागतील, म्हणाला. तोवर काय करू, विचारलं तर म्हणाला, काकू, या छंदात तडजोड चालत नाही. मी छंदाबद्दल विचारलं नव्हतं. मी दोन महिन्यांबद्दल विचारलं होतं.

तीन दिवस टाकी खिडकीच्या उजेडावर राहिली. बटणं अर्धी मिटली. रविवारी दत्ता दूध घेऊन आला, त्याने ते पाहिलं. त्याच्या शेडमध्ये शेवंतीचे फुटवे मुळं धरेपर्यंत दिव्याखाली ठेवतात. तसल्या स्वस्तातल्या दोन पट्ट्या त्याच्याकडे पडून होत्या.

"बाई, उजेड त्यो उजेड," तो म्हणाला. "रोपाला चालतो तर ह्यांना काय व्हतंय? ही बी रोपंच की."

मी त्याला म्हटलं, ही रोपं नाहीत, हे प्राणी आहेत. पण त्यांच्या अंगात शेवाळाचे बारीक कण राहतात, ते उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यावर हे प्राणी जगतात. म्हणजे तू अर्धा बरोबर आहेस. शाळेत त्याला मी इतके गुण कधी दिले नव्हते. तो खूश झाला आणि शिडी आणायला गेला.

आता ईशान, हे तुझ्या मंडळींना सांग. मी दिवा विचार करून लावला. नव्या रोपाला एकदम भर उन्हात ठेवत नाहीत, तसा तो आधी हातभर उंच टांगला आणि रोज चार बोटं खाली घेतला. सकाळी आठला स्वतः लावायचा, संध्याकाळी सहाला स्वतः बंद करायचा. रंग गेले, हे कबूल. निळ्या दिव्याखाली बटणं रेडियमसारखी हिरवी चमकायची. या दिव्याखाली ती तपकिरी दिसायला लागली, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. पण उघडी होती. रविवार ते गुरुवार, पाच दिवस, वहीत पाच ओळी आहेत आणि पाचही ओळींत लिहिलंय, सर्व उघडे. मुठी मिनिटाला किती वेळा मिटतात तेही मोजलंय. ते चमकणं निळ्या दिव्याचं होतं. यांचं स्वतःचं असं जगणं आहे आणि ते तपकिरी असू शकतं.

शुक्रवारी मला शिनोलीला जावं लागलं. विमलच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दोन दिवस दिवा कोण लावणार म्हणून दत्ताने आपला टायमर आणून जोडला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, त्याने माझ्यासमोर आकडे घातले.

शिनोलीत दोन दिवस विमलच्या डोळ्यांत थेंब घालत बसले. त्या गावात आमचं लहानपण गेलं. भीमाशंकराकडून ढग उतरले की महिना महिना ऊन दिसायचं नाही. अंथरूण दमट, भिंतीला पोपटी बुरशी, दुपारी बारालाही आई दिवा लावून तांदूळ निवडायची. तेव्हा आम्हाला वाटायचं की उजेड ही कमी पडणारीच गोष्ट आहे, जेवढा मिळेल तेवढा घ्यावा. उजेड जास्त होऊ शकतो, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नसतं. माझ्याही आलं नाही.

रविवारी परत आले. टायमर नीट चालत होता, सकाळी आठला खट्‌ व्हायचं, सहाला खट्‌ व्हायचं. रोजची ये-जा वाचली म्हणून मी तो तसाच ठेवला. मधल्या दोन दिवसांच्या ओळीही भरल्या आणि पुढे वहीत लिहीत राहिले, उजेड दहा तास.

आणि सगळं बिघडायला लागलं. काचेवर हिरवा थर, आज पुसला की उद्या परत. छत्री आक्रसून वाळक्या आळंब्यासारखी झाली. बटणं दिवसाढवळ्या मिटलेली. मुठी हलायच्या थांबल्या. आठवड्याने त्या टोकाकडून विरघळायला लागल्या, साबुदाण्याच्या पेजेसारख्या. सरपंच खडकाआड जाऊन बसला. मी पाणी बदललं, पुन्हा बदललं, खारटपणा मोजला, तापमान मोजलं. सगळं वहीबरहुकूम. त्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी टाकीऐवजी शेवंती दाखवली. नेटवर्क नाही, म्हणाले. ते खोटं होतं.

त्याच दिवशी श्रीधर आला होता. टाकीसमोर उभा राहिला आणि पुण्याच्या त्या दुकानदाराला फोन लावून फोन टेबलावर ठेवला, मला ऐकू यावं म्हणून. दिवा कुठला, एवढं दुकानदाराने विचारलं. नर्सरीचा, म्हटल्यावर त्याला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. काकू, स्वस्ताईने जीव घेतला बघा, म्हणाला. मग म्हणाला, छत्रीत अजून थोडी धुगधुगी असेल तर ती आणि मासा मी ठेवून घेतो, तेवढंच पुण्य.

आधीचे पाच दिवस याच दिव्याखाली सगळं उघडं होतं, हे मी वही पुढे करून सांगितलं. श्रीधरने वही बघितली नाही. तो दुकानदार टेबलावरून म्हणाला, असं वाटतं काकू, वाटतं तसं. वाटतं? माझ्याकडे वेळेसकट लिहिलेलं होतं. अडतीस वर्षं मी मुलांना शिकवलं की निरीक्षण आधी आणि मत नंतर. आणि माझ्याच पडवीत, माझ्याच मुलासमोर, एका न बघितलेल्या माणसाचं मत माझ्या बघितलेल्यापेक्षा वरचढ ठरलं. माझं वय झालंय आणि दिवा स्वस्त आहे, या दोनच गोष्टी त्यांना पुरल्या.

"आई, पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो," श्रीधर म्हणाला. "मासा दुकानात देऊ, टाकी रिकामी करू, आणि तू माझ्याबरोबर चल. आता इथे आहे काय?"

मी वही मिटली. बिनतोड उत्तर काचेच्या आत विरघळत होतं.

त्याच सुमारास घरामागच्या मोकळ्या वावरात ठकूबाईचं बिऱ्हाड उतरलं होतं. दरवर्षी दिवाळीनंतर ती माणसं मेंढ्या घेऊन इकडे येतात, वावरात चार-पाच रात्री मेंढ्या बसवतात, जमिनीला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. मंगळवारी सकाळी ती हंडा घेऊन पाण्याला आली आणि नळाशी उभी राहून सहज म्हणाली, "बाई, आजारी हाय का वं कुनी घरात?"

मी म्हटलं, नाही, का?

"न्हाई, रातच्याला मागल्या खिडकीत उजेड ऱ्हातोय. जांभळट. काल बी व्हता, परवा बी व्हता. आमी बिबट्याच्या धाकानं जागीच असतो. मी म्हनलं बाईंनी बी त्याच्यासाठीच लावला आसंल. पर आमची कुत्री त्याच्याकडं त्वांड करून बसत्यात, मेंढरांकडं बघायचं सोडून."

मी नऊला झोपते. माझी खोली पुढे आहे. मी तिचा हंडा तिथेच ठेवायला लावला आणि तिला पडवीत नेलं. टायमरवर दोन कार्यक्रम लावता येतात. पहिला दत्ताने माझ्यासमोर लावला होता, आठ ते सहा. दुसरा त्याच्या वावरातला होता, शेवंतीची रात्र तोडायचा, दहा ते दोन. तो तसाच राहिला होता. अकरा रात्री माझ्या टाकीला शेवंतीसारखं थांबवून धरलं होतं.

ठकूबाई तोवर काचेला नाक लावून बसली होती. तिने असलं काही कधी पाहिलं नव्हतं. मिटलेल्या बटणांकडे बघून म्हणाली, "मेंढरावानी चिटकून बसल्यात की."

मी तिला सांगितलं काय झालं ते. तिने मान हलवली, जणू मी काही फार साधी गोष्ट सांगतेय.

"आंधारात रवंथ व्हतोय, बाई. रातच्याला बॅटरी मारत ऱ्हायलं की मेंढरं उभीच ऱ्हात्यात, बसत न्हाईत. मंग सकाळी कितीबी हिरवं पुढ्यात टाका, खात न्हाईत. ह्यांचं बी तसंच आसंल."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुण्याच्या दुकानदाराने दिव्याची जात विचारली. माझ्या मुलाने गाडीचा दिवस ठरवला. रात्रीचं विचारलं ते या एका बाईने, कारण ती रात्री बाहेर असते.

दत्ताला बोलावलं. तो टायमरकडे बघून पार खाली बसला. "बाई, शेवंतीचं तसंच ऱ्हायलं व्हतं. चूक माझी." मागून त्याची बायको संगीता आली होती, ती म्हणाली, "ह्यांचं लई भारी. फूल थांबवता थांबवता समुद्र बी थांबवून आले." दत्ता हसला नाही, मी हसले. बारा दिवसांत पहिल्यांदा.

पण चूक एकट्या दत्ताची नव्हती. वहीत अकरा दिवस मी लिहिलंय, उजेड दहा तास. तपासलं नव्हतं. टायमरवर विश्वास ठेवून लिहिलं होतं. निरीक्षण आधी म्हणणाऱ्या बाईने न बघितलेलं अकरा वेळा लिहिलं, तारीख घालून, सुवाच्य अक्षरात. रागवायचं म्हटलं तर पहिली मी.

तीन दिवस पूर्ण अंधार द्यायचा असं मी ठरवलं. झाकायला काही धड सापडेना. शेवटी ठकूबाईने तिची काळी घोंगडी आणून दिली. मेंढीच्या लोकरीची, धुराचा आणि जनावराचा वास असलेली. समुद्रावर ती घोंगडी पांघरली गेली आणि पडवीत दोन वास एकमेकांत मिसळले. मंगळवार ते शुक्रवार मी त्या खोलीत फक्त पंप चालू आहे ना, एवढं ऐकायला जात होते. दिसत काहीच नव्हतं. आईने तापलेल्या पोराच्या खोलीबाहेर बसावं तसं वाटायचं. रविवार जवळ येत होता.

शुक्रवारी घोंगडी काढली. मुठी नव्हत्या. खडकावर एक पांढुरका डाग होता, तो नळीने ओढून काढला. सई, हे मी तुला तेव्हा सांगितलं, पण कसं झालं ते नाही सांगितलं. छत्रीचा अर्धा भाग काळा पडला होता. तो नव्या ब्लेडने कापून टाकला, कलम करताना कापतात तसा.

रविवारी श्रीधर आला. गाडीत थर्माकोलची चार खोकी. चहा नको म्हणाला, आधी हे काढू म्हणाला.

मी म्हटलं, "आधी मोज."

"काय मोजू?"

"बटणं. उघडलेली."

तो वाकला. लहानपणी पाढे म्हणताना करायचा तसं बोट काचेवर टेकवून मोजायला लागला. एकतीस झाली. छत्रीच्या उरलेल्या अर्ध्यावर बारीक केसांसारखी लव आली होती. सरपंच खडकाआडून आला आणि श्रीधरच्या बोटावर काचेतून चाल करून गेला. श्रीधर बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला, म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." खोकी परत गेली. त्यातल्या दोनांत संगीताने हरभऱ्याचे डहाळे भरून दिले होते.

टायमरचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उत्तर मला ठाऊक होतं. एकटी राहतेस, लक्ष राहत नाही, चल. म्हणून मुठींचा दोष दिव्यावर गेला आणि मी जाऊ दिला. श्रीधरने तो तुम्हाला सांगितला, तुम्ही मान्य केलात, आणि दोन वर्षांनी रॉटरडॅममध्ये त्यावर लोक हसले. ईशान, तुझ्या त्या वाक्याचा राग मला का आला, याचा मी आठ दिवस विचार केला. एक कारण असं की ते खोटं आहे. दुसरं असं की त्या खोट्याला मी स्वतः दोन वर्षं थारा दिला होता. मला काही कळत नाही असं लोकांना वाटू देणं सोयीचं होतं, कारण मला लक्ष राहत नाही असं त्यांना वाटण्यापेक्षा ते बरं. गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला या दोनांतलं एक निवडावं लागतं, याचाही मला राग आहे, आणि तो तुमच्या तिघांवर आहे.

तेव्हा आता दोन्ही सांगून टाकते. मला कळतं. आणि एकदा, अकरा दिवस, माझं लक्ष राहिलं नाही. हे पत्र श्रीधरलाही दाखवा. तो गाडी घेऊन आला तर येऊ दे, मी त्याला परत मोजायला लावीन.

तुझ्या मंडळींचं एक खरं आहे, ईशान. या दिव्यात लाल जास्त आहे, शेवाळ लवकर धरतं. म्हणून मी दहाचे आठ तास केले आणि काच एक दिवसाआड पुसते. नवा निळा दिवा दोन महिन्यांनी आला होता. तो खोक्यातच आहे. तू येशील तेव्हा लाव, रंग बघायचे असतील तर. त्या ग्रुपवर दुरुस्ती टाकायची असेल तर इंग्रजीतच टाक. मी वाचीन.

आज दत्ताचे दिवे रात्री दहाला लागतील. आपल्या पडवीत त्याआधीच अंधार झालेला असेल. टायमर मी काढून टाकला आहे. संध्याकाळी दिवा मी हाताने बंद करते आणि खिडकीच्या बाजूने घोंगडी सोडते, कारण आता वावरातला उजेड आत यायला नको. ठकूबाईने ती परत नेली नाही. राहू द्या म्हणाली, तुमची मेंढरं लई आहेत.

मुठी नाहीत. छत्री अर्धी होती, ती आता ताटलीएवढी झाली आहे, एका बाजूने कापल्याची रेघ दिसते. सरपंच आहे. दिवा तोच आहे. बटणं एकशेचार आहेत, आज सकाळी मोजली, आणि वहीत लिहिण्याआधी पुन्हा एकदा मोजली.